आधी वाटणी, मग गळाभेट

मालिकेतलं कुटुंब कधीच वेगळं होत नाही. धाकटा थोरल्याच्या दुधात काहीतरी कालवतो, जाऊ जावेला जिन्यावरून ढकलते, सासरा वर्षभर सुनेशी बोलत नाही. तरी सगळे राहतात त्याच वाड्यात, जेवतात त्याच टेबलावर आणि भांडतात त्याच दिवाणखान्यात. यामागे एकत्र कुटुंबाचे संस्कार आहेत, असं वाहिन्यांच्या जाहिराती आपल्याला सांगतात. खरं कारण त्याहून साधं आहे: सेट एकच आहे. थोरल्यानं चूल वेगळी मांडली तर त्याच्यासाठी दुसरं घर उभारावं लागेल, तिथलं लाइटिंग वेगळं, कलाकारांच्या तारखा वेगळ्या. आठवड्याला सहा भाग द्यायचे, जाहिराती वगळता प्रत्येक भागात वीस-बावीस मिनिटांचा ऐवज भरायचा आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पुढचं कथानक हलवायचं. असल्या घाईत घर फोडणं कुणाला परवडणार?

धंद्याची अडचण आपण समजून घेऊ. पण या अडचणीतून एक शिकवण तयार झाली आहे आणि ती घरोघरी पोचली आहे. खासगी मराठी वाहिन्या 1999-2000च्या सुमारास सुरू झाल्या. तेव्हापासून आजपर्यंत वाटणी मागणारं माणूस म्हणजे खलनायक, हे समीकरण फारसं कुणी मोडलेलं नाही. ‘मला माझा हिस्सा हवाय’ हे वाक्य आलं की पार्श्वसंगीत बदलतं, कॅमेरा तीनदा त्या चेहऱ्यावर आदळतो आणि देवघरातली समई हमखास विझते. उलट जी बाई ‘मला काही नको, फक्त घर एक राहू दे’ म्हणते ती नायिका. छोट्या शहरातलं कुटुंब दाखवणाऱ्या मालिकांत तर हे जास्तच. तिथं घर म्हणजे गावाची अब्रू असते.

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत वाटणी झाली की समेटाला सुरुवात होते. वाटणी टाळून केलेला समेट महिना-दोन महिन्यांत विरतो आणि मनातली अढी आधीपेक्षा घट्ट बसते. हे मी सोलापुरात राहून म्हणतोय. हे गाव मालिकेत बसेल असं मला वाटत नाही, म्हणून आधी गावाबद्दल थोडं.

मालिकेतल्या छोट्या शहराला एक नदीघाट असतो, एक देऊळ, एक पाटील आणि सगळ्यांच्या तोंडी कोल्हापूरची नक्कल करणारी रांगडी बोली. सोलापूरच्या पूर्व भागात एका घरात आजी तेलुगूत ओरडते, सून मराठीत उत्तर देते, शेजारीण कन्नडमधून मध्ये पडते आणि पोरगं तिघींनाही ‘काय बे’ करून बाहेर पळतं. (हे संवाद लिहिणार कोण, आणि खालच्या पट्टीत भाषांतर द्यायचं कुणाचं?) गावाचा पिंड गिरणीचा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल ही नावं आजही पत्ता सांगताना येतात, भोंगे मात्र केव्हाच थांबले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा घरात येणारा ठरलेला पगार गेला, आणि बापाच्या नावावरची चाळीतली खोली, पत्र्याच्या शेडमधले चार माग किंवा गावाकडची दोन-तीन एकर जिराईत एवढीच काय ती पुंजी उरली. तीन भाऊ, दोन बहिणी आणि एक खोली. रुसवे-फुगवे इथून सुरू होतात. यात गैरसमज कुठं आहे?

गैरसमज हा मालिकेचा सगळ्यात आवडता माल. चिठ्ठी चुकीच्या हाती पडते, दाराआडून अर्धंच वाक्य ऐकू येतं, रिपोर्टची पाकिटं बदलतात. त्यावर शंभर भाग निघतात आणि एका रविवारच्या महाएपिसोडमध्ये गैरसमज दूर होतो. या उपायाची गंमत अशी की तो सगळ्यांना फुकट पडतो. कुणालाच काही द्यावं लागत नाही. वाडा ज्याच्या ताब्यात होता त्याच्याच ताब्यात राहतो, आईचे दागिने जिच्या कपाटात होते तिच्याच कपाटात. ज्यानं छळ केला तो रडतो, जिचा छळ झाला ती त्याचे डोळे पुसते, आणि सोमवारपासून नवा खलनायक येतो. खऱ्या घरात भावानं सात वर्षं खोलीचं भाडं एकट्यानं खाल्लेलं असतं. त्याला त्याचा आकडा माहीत असतो, बहिणीलाही माहीत असतो. डाव धरला जातो तो आकड्याचा. तिथं ‘मी तुला चुकीचं समजले रे दादा’ म्हणण्यासारखं काही नसतंच, कारण तिनं त्याला अगदी बरोबर समजलेलं असतं.

हे मालिका बघणाऱ्यांना कळत नाही, असं समजणारे लोक मला भेटतात. बहुधा ते स्वतः मालिका बघत नाहीत. विडी वळणाऱ्या बायकांमध्ये बसून संध्याकाळची मालिका बघावी. खरं तर बघावी असं म्हणणं चूक, त्या मालिका ऐकतात. मांडीवर सूप, सुपात ओलवलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात कात्री. नजर पानावर, कारण पान आखूड कापलं गेलं किंवा बांधणी सैल झाली की माल जमा करताना विडी छाटात निघते आणि त्या विडीची मजुरी बुडते. टीव्हीकडे मान वर होते ती फक्त आवाज चढला की. मालिकांमध्ये एकच गोष्ट तीन-तीनदा का बोलून दाखवतात, याचं कोडं मला तिथं सुटलं. सगळा खेळ कानाचा आहे. आणि कान फार तिखट असतात. एकदा असाच मोठा समेट चालला होता, थोरली जाऊ धाकटीच्या गळ्यात पडून रडत होती, सनई लागलेली. सुपावरची मान वर न करता एक बाई शेजारणीला म्हणाली, “अक्का, रडली की झालं का गं? खोली कुणाला, ते कुणीच सांगेना गेलेत की!” शेजारणीनं दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाली, “आता कशाला सांगतील? ही रडली ना. आता हिनं मागितलं तर हीच वाईट.”

मालिकेतल्या समेटाची याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. आधी माफी घेऊन टाकायची. मग हिस्सा मागायला तोंडच उरत नाही. माफी म्हणजे पावती होते, सगळं मिळालं म्हणून आधीच लिहून घेतलेली.

मालिकेवर सगळं खापर फोडायचं नाही. ‘पोटात घाल’, ‘मन मोठं कर’, ‘तूच समजूतदार’ ही वाक्यं टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आत्या-मावश्यांच्या वाट्याला आलेली आहेत. आणि ती सांगितली जातात बायकांना, त्यातही थोरल्या मुलीला आणि धाकट्या सुनेला. भावाला कुणी मन मोठं करायला सांगितलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही. मालिकांनी केलं ते एवढंच की या वाक्यांना संगीत लावलं आणि भाऊबीजेचा विशेष भाग दिला.

भाऊबीजेवरून मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे बहिणीच्या हक्काचा कायदा आता कुठं कच्चा राहिलेला नाही. महाराष्ट्रानं हिंदू घरांतल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं सहदायाद, म्हणजे जन्मतःच वाटेकरी केलं ते 22 जून 1994 पासून. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. मग हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि लग्न झालेलं असो वा नसो, मुलगी बरोबरीची हक्कदार ठरली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं कोर्टांत घोळ चालला. सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: हक्क जन्मानं मिळतो, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना तेवढा हात लागत नाही. म्हणजे कागदावर बहीण भावाइतकीच मालक आहे.

आणि म्हणूनच हक्कसोड पत्राला इतका भाव आला. जिचा हक्कच नव्हता तिच्याकडून तो सोडवून घ्यायची गरज पडत नव्हती. आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंदणी करावी लागते, बहिणीला फोटो द्यावा लागतो, अंगठा उमटवावा लागतो. या कार्यालयांच्या बाहेर एक दृश्य नेहमी दिसतं: नवी साडी नेसलेली, जरा अवघडून उभी असलेली पन्नाशीची बाई, शेजारी भावाची मोटरसायकल, आणि वहिनी एकदम प्रेमानं तिला रसवंतीत नेते आहे. सगळ्याच सह्या दबावाखाली होतात असं मी म्हणत नाही. कित्येक बहिणी विचार करून, भावाची ओढाताण बघून, मनापासून हक्क सोडतात, आणि तो त्यांचाच अधिकार आहे. पण सही देण्याआधी मिळकतीची किंमत किती, आपला हिस्सा किती, हे त्या बाईला कुणी सांगितलेलं असतं का? सांगून सोडला तर ते दान. न सांगता सोडवून घेतला तर त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुस्लिम घरांत मुलीचा वाटा शरियतनं ठरलेला, मुलाच्या निम्मा, त्यात वादाला जागाच नाही. तरी तिथंही बहिणीनं वाटा ‘भावाला बक्षीस’ केल्याच्या गोष्टी तितक्याच ऐकू येतात. तेव्हा दोष एका धर्माच्या कायद्याचा नव्हे. माहेर तुटेल ही भीती सगळीकडे सारखीच कामाला येते.

या भीतीला खतपाणी कोण घालतं, हा माझा मालिकावाल्यांना प्रश्न आहे. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे आपण पडद्यावर इतक्यांदा पाहिलंय की ते निसर्गनियमासारखं वाटायला लागलंय. प्रत्यक्षात काय होतं?

माझ्या परिचयातल्या एका यंत्रमागवाल्या घराचं सांगतो. बापाची शेड, त्यात टॉवेलचे आठ माग, मुलगे दोघं, मुलगी एक. बाप गेल्यावर भावांनी शेड एकत्रच चालवायची ठरवली. चार माग याचे, चार त्याचे, पण विजेचा मीटर एक, तोही बापाच्या नावावर. थोरल्याचे माग दिवसपाळीचे. धाकट्याकडे ऑर्डर जास्त, त्याचे रात्रीही चालायचे. बिल मात्र निम्मं-निम्मं. थोरला काही बोलला नाही. वर्षभर बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं धाकट्याच्या मुलाच्या बारशाला जाणं टाळलं. मग जावा बोलायच्या बंद झाल्या, मग पोरं. नातेवाइकांनी दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला दोघांना गाठून समेट घडवायचा: गळाभेट, पेढे, ‘रक्ताचं नातं आहे रे’, एकदा तर चांगला कारखान्यावर जाऊन सगळ्यांनी मिळून फोटोही काढला. पुढचं बिल आलं की पुन्हा जैसे थे. दर वेळी प्रत्येक जण म्हणायचा, यांच्यात काहीतरी गैरसमज आहे. गैरसमज कसला, मीटर एक होता!

शेवटी बहिणीनं तोंड उघडलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं बसणार नसाल तर मी माझा तिसरा हिस्सा कोर्टातून मागते. घरात हाहाकार झाला. दोघं भाऊ इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमतानं बोलले: बहीण फिरली. पण कागद बाहेर आले ते त्यामुळंच. समाजातले एक वयस्कर आणि हिशेब बघणारा एक कर सल्लागार, दोघं जुन्या बिलांची चळत घेऊन बसले. कुणाचे माग किती तास चालले, सूत कुणाच्या नावावर उचललं, बापाच्या आजारपणात दवाखान्याचे पैसे कुणी भरले, त्या काळात रात्री जागलं कोण. शेवटच्या प्रश्नावर थोरली सून उठून आत गेली, कारण जागली तीच होती आणि ते पहिल्यांदाच कुणीतरी वहीत लिहीत होतं. मग शेडच्या मधोमध भिंत आली, दोन मीटर लागले. बहिणीचा वाटा रकमेत ठरला, हप्त्यांनी, चेकनं. धाकट्यानं थोरल्याला जुन्या बिलांपोटी जे द्यायचं ते त्यातच वळतं केलं.

भिंत घातल्यावर दोघं भाऊ बोलायला लागले. आधी कामापुरतं, बीम भरायला माणूस आहे का, सुताचा भाव काय चाललाय. मग धाकट्याच्या मुलीच्या लग्नात थोरल्यानं पंगतीची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. बहीण माहेरी येते, आता जास्तच येते, कारण ती कुणाच्या उपकारावर येत नाही. जावांचं अजूनही फारसं पटत नाही आणि त्यांनी ते पटवून घ्यावं असा आग्रहही आता कुणी धरत नाही. या भिंतीला मालिकेच्या भाषेत ‘घर फुटलं’ म्हणतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नाती काय पैशात मोजायची? ऐकायला छान वाटतं. पण हे वाक्य कोण म्हणतंय ते बघावं. बहुधा तेच म्हणतात ज्यांच्या ताब्यात मिळकत असते. ज्याच्याकडे किल्ल्या आहेत त्याला नातं मोठं आणि पैसा क्षुद्र वाटणं फार सोपं असतं. शिवाय हिशेबात फक्त पैसाच येतो असं नाही. वरच्या घरात रात्रीची जागरणं आली. बापाच्या म्हातारपणी कुणी काय केलं, कुणाचं शिक्षण कुणासाठी थांबलं, कुणी पहिली पाच वर्षं पगार घरात दिला, हे सगळं मनात नोंदलेलं असतंच. ते बोलून, लिहून मोकळं करायचं की मनात कुजवत ठेवायचं, एवढीच निवड असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मला विडीकामाच्याच घरातून ऐकायला मिळाला. दिवसभर मान मोडून काम केल्यावर तासभर कुणीतरी कुणाला माफ करताना बघायला मिळतं, तर ते का काढून घेता? खऱ्या घरात तर कुणी माफी मागत नाही. निदान टीव्हीत तरी मागतात. हे मला पटतं. सासूनं सुनेपुढं हात जोडलेले बघण्यात जो आनंद आहे तो खोटा म्हणायचा अधिकार मला नाही. बायकांच्या रागाला, अपमानाला, जावेच्या बोचऱ्या बोलण्याला गोष्टीचा विषय केला तो मालिकांनीच. आपल्या गंभीर साहित्यात पुरुषाच्या एकटेपणावर जेवढी शाई सांडली तेवढी स्वयंपाकघरातल्या धुसफुशीवर नाही, आणि हे श्रेय मालिकांचं त्यांना द्यायला हवं. म्हणून तर त्यांच्याकडून जास्त मागायचं. माफी राहू दे. फक्त माफीच्या आधीचा प्रसंग लिहा.

कारण तो प्रसंग कंटाळवाणा असतो, हा तिसरा आक्षेप, निर्मात्यांचा. तलाठी, सातबारा, खातेफोड, कोण बघणार? ज्यांनी घरातली वाटणी प्रत्यक्ष पाहिली आहे तेच सांगतील की याहून नाट्य दुसरीकडे नाही. जमीन वाटली जाते तेव्हा लोक शांत असतात. पेटतात ते बारक्या गोष्टींवर: देवघरातले टाक कुणाकडे, आईचं जातं कुणी न्यायचं, अंगणातलं शेवग्याचं झाड कुणाच्या हद्दीत. म्हातारी आई कुणाकडे राहील हे विचारताना सगळे तिच्यासमोरच बोलत असतात, आणि ती भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेली असते. पाटावर दोन चिठ्ठ्या टाकून नातवाला उचलायला लावतात, तेव्हा घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूससुद्धा श्वास रोखून असतो. यात कट-कारस्थानाची काय गरज आहे? या एका दिवसावर दहा भाग निघतील, आणि लेखकाला थोडं डोकं असेल तर वीस.

कोर्टातसुद्धा असं नाट्य घडतं, आणि तेही समेटाचंच. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं लोकअदालतीला जे स्थान दिलं, त्यात तडजोड झाली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं, तिच्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तडजोड म्हणजे हस्तांदोलन नव्हे. आधी अटी लिहायच्या, दोन्ही बाजूंनी वाचायच्या, सह्या करायच्या, मग काय ते हसायचं-रडायचं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले चुलतभाऊ पॅनेलसमोरून उठून बाहेर कँटीनमध्ये एका बाकावर चहा पिताना दिसतात. लोकअदालतीत सगळं सोनंच असतं असंही नाही. प्रकरणं निकाली काढायच्या घाईत दुबळ्या बाजूला ‘मिटवून टाका हो’ म्हणून रेटलं जातं, आणि ती दुबळी बाजू पुन्हा बाईच असते. तरी निदान कागदावर काहीतरी येतं. टीव्हीवरच्या समेटात तेवढंही येत नाही.

हा क्रम सोलापूरकराला नवा नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवत संमती कट्ट्याशी येतात, पांढऱ्या बाराबंदीतले लाखभर लोक हातात अक्षता घेऊन उभे असतात, आणि अक्षता पडतात त्या संमतीचं वाचन झाल्यावर. आधी संमती सगळ्यांसमोर वाचली जाते, मग मंगल. रूपक फार ताणत नाही, तो सिद्धेश्वराच्या विवाहाचा सोहळा आहे. पण एवढं सांगायला हवं की आधी गळ्यात गळा आणि अटींचं नंतर बघू, ही रीत आपली जुनी परंपरा वगैरे नव्हे.

घर कुणाच्या नावावर आहे यानं रुसव्याची जातच बदलते, हेही इथं दिसतं. 2006 साली सोलापूरजवळ कुंभारी इथं विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. तिथली भांडणं काही थांबली नसतील. नवरे पितात, पोरं ऐकत नाहीत, पाणी दिवसाआड सोडा, त्याहून उशिरा येतं. पण ‘निघ माझ्या घरातून’ हे वाक्य ज्या घरात नवऱ्याला उच्चारता येत नाही, तिथला समेट वेगळा असणारच. तिथं बाई माफ करते तेव्हा तिला माफ न करण्याचीही सोय असते. मालिकेतल्या नायिकेला ही सोय नसते. तिला वाड्याबाहेर काढलं की ती सरळ देवळाच्या पायरीवर जाऊन बसते, कारण तिच्या नावावर जगात काहीच नाही. अशा बाईच्या क्षमेला आपण उदात्त म्हणतो. तिला दुसरं काय करता येणार होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

मला मालिका बंद पडाव्यात असं अजिबात वाटत नाही, आणि त्यांनी समाजप्रबोधनाचे भाग काढावेत असं तर त्याहून वाटत नाही. तसले भाग लागले की लोक चॅनेल बदलतात आणि बरोबर करतात. वाटणी मागणारी एक नायिका हवी, एवढंच. तिनं रडावं, भांडावं, चुकावंही. तिच्या भावाला खलनायक करायची गरज नाही; तो कर्जात असू शकतो, भित्रा असू शकतो, बायको आणि बहिणीमध्ये सापडलेला असू शकतो. वाडा विकायला निघू दे. सेटचा खर्च वाचवायचा असेल तर दिवाणखान्यात मधोमध प्लायवूडची भिंत घालावी, स्वस्तात दोन घरं होतील, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या कुकरच्या शिट्टीवर एक अख्खा भाग चालेल.

आणि समेटाचा महाएपिसोड झाला की लेखकांनी सोमवारचा भागही लिहावा. बापाच्या औषधाचे पैसे या महिन्यापासून कोण देणार? भाडेकरूनं भाडं कुणाच्या खात्यात भरायचं? लाइट बिलावर नाव कुणाचं? बहिणीचा पहिला चेक वटला का?